तिसरी चौकट

माझ्या पीएच.डी.चा प्रयोग वडवणीपासून सहा-सात किलोमीटरवरच्या एका कोरडवाहू रानात होता. तो विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरही करता आला असता. पण माझ्या मार्गदर्शक सरांचं म्हणणं होतं की प्रक्षेत्रावरची जमीन लाडात वाढलेली असते, तिच्यावरून शेतकऱ्याला काही सांगू नये. शेतकऱ्याच्या रानात, त्याच्या वाट्याला येईल त्या पावसावर कपाशीला युरिया नेमका किती लागतो ते मोजायचं, असं ठरलं. मी गेवराई तालुक्यातली, तलवाड्याची. वडवणीकडं आईच्या ओळखीतलं एक कुटुंब होतं, नवरा-बायको दोघंच शेतात राबणारी. त्यांना मी दादा आणि वहिनी म्हणायला लागले आणि ते दोघं मला ताई म्हणायला लागले. वहिनी माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील.

वडवणीत एक खोली घेतली होती. तिथून सकाळी स्कूटीवर रानात जायचं आणि उन्हं तापायच्या आत परत यायचं, असा क्रम होता.

सामान आलं तेव्हा दादांना जरा हसूच आलं असावं. एका टेम्पोत पत्र्याच्या चार चौकटी, बिनतळाच्या, बिनझाकणाच्या, प्रत्येकीत कपाशीची चार झाडं बसतील एवढ्या. आणि माझ्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेली, मिठाच्या बाटलीएवढी एक बाटली. तिच्यात पांढरे दाणे होते. दिसायला दुकानातल्या युरियासारखेच. ती बाटली मिळवायला सरांनी वर्षभर पत्रव्यवहार केला होता.

दादांनी विचारलं, एवढ्यानं काय होणार? मग मी बांधावर बसून त्यांना समजावलं. युरियात नत्र असतं. मातीतही आधीपासून नत्र असतं. झाड दोन्ही खातं, आणि एकदा झाडात गेलं की कुठलं मातीतलं आणि कुठलं गोणीतलं हे कुणालाच सांगता येत नाही. या बाटलीतलं नत्र मात्र साध्या नत्रापेक्षा किंचित जड आहे. त्याला समस्थानिक म्हणतात. झाडाला फरक कळत नाही, पण एक यंत्र आहे त्याला कळतो. धनगर आपल्या मेंढ्यांच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढतात, दोन कळप एकत्र आले तरी आपली मेंढी ओळखू येते, तसंच हे. पीक आलं की झाड कापायचं, वाळवायचं, दळायचं, यंत्रात घालायचं आणि खुणेचं नत्र किती सापडतं ते बघायचं. जेवढं सापडेल तेवढं खत झाडाला लागलं. बाकीचं कुठं गेलं ते मातीत शोधायचं.

दादा शिकलेले होते, बारावीपर्यंत. त्यांना ते पटलं. तरी दोन दिवसांनी ओशाळल्यासारखे होऊन आले. गावात चहाच्या टपरीवर कुणीतरी मोबाइलमध्ये बघून सांगितलं होतं की समस्थानिक म्हणजे अणुबाँबमधलं काहीतरी असतं. ‘अणूचं खत कावून टाकून घेतो रं रानात?’ असं त्यांना चारचौघांत विचारलं गेलं होतं. मी सांगितलं की काही समस्थानिकांतून किरणं निघतात, पण यातून निघत नाहीत, हे फक्त वजनाला जड आहे. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. वहिनींनी तर विचारलंही नाही. त्यांचा प्रश्न वेगळा होता. गळालेल्या पानांचं काय करायचं?

सरांच्या कितीतरी विद्यार्थ्यांना हा प्रश्न सुचला नसता. चौकटीत गळून पडणारं प्रत्येक पान हवं होतं, कारण त्याच्यातही खुणेचं नत्र असणार. वाऱ्यानं उडून गेलं तर तेवढं मोजमाप चुकणार. मी रोज येईन याची खात्री नव्हती. वहिनी म्हणाल्या, मी वेचीन. मी त्यांना कागदी पाकिटं दिली. त्यांनी पाकिटांवर खडूनं एक रेघ, दोन रेघा, तीन, चार अशा खुणा केल्या आणि गोठ्याच्या आत, कोरड्या जागी, चार खिळ्यांना चार सुतळ्या बांधून त्यांत ती अडकवली.

कपाशी महिन्याची झाल्यावर मी खुणेचा युरिया पाण्यात विरघळवून चारही चौकटींत दिला. माती तेव्हा ओलसर होती. अंदाज पावसाचा होता. दोन दिवस आभाळ भरूनही आलं.

मग पाऊस गेला.

पहिला आठवडा आम्ही कुणी त्याकडं फारसं लक्ष दिलं नाही. दुसऱ्या आठवड्यात दादांनी विहिरीतलं होतं तेवढं पाणी सऱ्यांनी कपाशीला फिरवायला सुरुवात केली, एक ओळ सोडून एक. माझ्या चौकटींच्या चहूबाजूंनी मात्र त्यांना दोन-दोन हात जागा कोरडी सोडावी लागली, कारण माझा प्रयोग कोरडवाहू होता. हे आधी ठरलेलं होतं, कागदावर होतं, दादांनी त्यावर सही केली होती. सही करताना आम्हा तिघांपैकी कुणालाच ते असं दिसेल असं वाटलं नव्हतं. भोवती टवटवीत कपाशी आणि मधे चार चौकटींत माना टाकलेली सोळा झाडं.

काळी माती वाळते तशी आकसते. चौकटींच्या आतली माती पत्र्यापासून सुटली. मधे भेगा पडल्या, बोट जाईल एवढ्या. मला माहीत होतं की वरच्या कोरड्या थरात अडकलेलं नत्र झाडाला घेता येत नाही, मुळांपर्यंत जायला त्याला पाणी लागतं. काही तर अमोनिया होऊन हवेत निघून जात असणार. ते जाताना मला दिसत नव्हतं, पण ते कसं जातं त्याची समीकरणं मी विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून दाखवली होती.

मी सरांना फोन केला. जीव वाचवण्यापुरतं एक पाणी देऊ का, म्हणून विचारलं. ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, इथल्या शेतकऱ्याला अशा वेळी कोण पाणी देतं? आपण पाणी दिलं तर आपण मोजलं काय? त्यांचं बरोबर होतं. त्यांचं बरोबर असल्यामुळं मी फोन ठेवला.

वहिनींनी दोनदा विचारलं, एक-एक घागर टाकू का. दोन्ही वेळा मी नको म्हणाले. दुसऱ्यांदा नको म्हणताना कारण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चौकटीत वाकून पानं वेचायला लागल्या. आता पानं जास्त गळत होती. खालची पिवळी पडून, वरची करपून. एकेक सुतळी पाकिटांनी भरून चालली होती.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. एका सकाळी मी एकटीच होते. दादा-वहिनी गावात कुणाच्या तरी दहाव्याला गेलेले. माझ्या हातात पाण्याची बाटली होती. अर्धी मी प्याले होते. उरलेली घेऊन मी पहिल्या चौकटीपाशी कितीतरी वेळ उभी राहिले. अर्ध्या बाटलीनं काय होणार होतं, काही नाही. तरी ओतावंसं वाटत होतं. शेवटी मी ती पिऊन टाकली, तहान नसताना.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी आले आणि लांबूनच मला तिसरी चौकट वेगळी दिसली. जवळ गेले. पानं सरळ झाली होती. भेगा मिटल्या होत्या आणि माती पत्र्याला चिकटली होती. मला काही विचारायची गरज नव्हती, पण विचारायला तर लागणारच होतं. वहिनी गोठ्यात शेण भरत होत्या. मी दारात उभी राहून विचारलं, तिसरीत पाणी टाकलंत का?

त्यांनी टोपलं खाली ठेवलं. “टाकलं,” त्या म्हणाल्या. “काल सांजच्याला.”

“किती?”

“दोन घागरी. तीन असतील. मोजलं न्हाई.”

मी म्हणाले, मी तुम्हाला सांगितलं होतं ना. माझा आवाज चढला नव्हता. त्यांनी हात पदराला पुसले.

“तुमी मोजाया आलाव, ताई. तुमाला बघत ऱ्हाता येतं. मला न्हाई येत. हाताशी पानी असून झाड असं वाळताना मी आजवर बघितलं न्हाई.”

चारही चौकटींत का नाही टाकलं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, चारीत टाकायचं होतं, पण तिसरीपासून सुरू केलं, कारण तिच्यातलं एक झाड लईच गेलतं, आणि तेवढ्यात दादा आले.

दादांना ते कळलं होतं. त्यांनी माझ्यासमोर पुन्हा बोलायला सुरुवात केली की सही केलेल्या कामात हिनं असं केलं, आता गावातही तोंड दाखवायला जागा नाही. मी त्यांना थांबवलं. वहिनी टोपलं उचलून उकिरड्याकडं गेल्या.

सरांना सांगायला मी संध्याकाळपर्यंत वेळ घेतला. त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ती चौकट गेली असं समज, तीन राहिल्या, तीन चालतील. मी विचारलं, तिचेही नमुने पाठवू या का, निदान पाणी मिळालं असतं तर किती लागलं असतं ते कळेल. सरांनी समजावून सांगितलं. पाणी किती दिलं ते माहीत नाही. तशी दुसरी चौकट नाही, एकाच चौकटीवरून काही म्हणता येत नाही. आणि यंत्र दुसऱ्या राज्यात, तिथं आपल्याला मोजके नमुने घालायची परवानगी, त्यातले वाया घालवायचे नाहीत. प्रत्येक मुद्दा मला आधीच माहीत होता. मी तरी विचारलं होतं.

पाऊस आला तो आठवड्याभरानं, आणि आला तो एका दुपारी शेत खरवडून नेईल असा. चौकटींचे काठ जमिनीच्या वर असतात, बाहेरचं पाणी आत येऊ नये आणि आतलं बाहेर जाऊ नये म्हणून. त्यामुळं आत तळी साचली. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच होतं. काळ्या मातीत ते लवकर मुरत नाही. अशा चिखलात हवा नसली की उरलंसुरलं नत्र जंतू खातात आणि वायू करून सोडून देतात. अगोदर उन्हानं नेलं, आता हे नेणार. मी बांधावर उभी होते. वहिनी आल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात पाणी काढायचा मग होता.

“आता काढू का पानी?” त्यांनी विचारलं.

मी नको म्हणाले.

त्यांनी तो मग पदराआड धरला आणि माझ्याबरोबर बघत राहिल्या. माझ्यासारखंच बघत राहायला मीच त्यांना शिकवलं होतं. त्यांनी मगाशीच न विचारता पाणी काढून टाकलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून स्वतःचा रागही आला.

पहिली वेचणी झाली आणि झाडं कापायची वेळ आली. दसरा होऊन गेला होता. दादा-वहिनी दरवर्षीसारखे ऊसतोडीला जाणार होते, त्यांचा ट्रॅक्टर ठरला होता. त्यामुळं सगळं दोन दिवसांत उरकायचं होतं. मुळांसकट झाडं काढली. पानं, देठ, पऱ्हाटी, बोंडं वेगळी केली. प्रत्येक चौकटीत खोलवर नळी मारून थराथरानं माती काढली. तिसऱ्या चौकटीपाशी आल्यावर मी थांबले. तिची झाडं इतरांपेक्षा वीतभर उंच होती आणि बोंडं भरलेली होती. ती तशीच राहू द्यावी, वहिनींना कापूस तरी मिळेल, असं मला सुचलं होतं. पण वहिनींनी विळा घेतला आणि त्याच कापायला लागल्या. कापून, नीट जुडी बांधून, तीन रेघांची सगळी पाकिटं वर ठेवून त्यांनी ती माझ्या हातात दिली. पाठवणार नाही हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी जुडी घेतली.

जायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. अंगणात भांडी, अंथरुणं, कोयते बांधून ठेवलेले होते. वहिनींनी माझ्या वहीत स्वतःच्या हातानं मोबाइलचा नंबर लिहिला आणि म्हणाल्या, तिसरीचं काय निघतंय तेवढं कळवा, बाकीचं नाही कळवलं तरी चालेल. मी कळवते म्हणाले.

विद्यापीठात परत आल्यावर मी चारही चौकटींचे नमुने भट्टीत वाळवले, दळले, बारीक चाळणीतून काढले आणि छोट्या बाटल्यांत भरले. तिसरीचेही. सर ते बघून पुढच्या टेबलाकडं गेले. तीन चौकटींच्या बाटल्या यंत्राकडं गेल्या. तिसरीच्या प्रयोगशाळेच्या कपाटात राहिल्या.

निकाल यायला उन्हाळ्याची चाहूल लागली. झाडांत खुणेचं नत्र अगदी थोडं सापडलं होतं. काही मातीत होतं, वरच्याच थरात. मोठा भाग कुठंच नव्हता. प्रबंधात अशा भागाला ‘न सापडलेला’ म्हणतात आणि त्यासाठी तक्त्यात एक वेगळा रकाना असतो. माझ्या तक्त्यात तोच रकाना सगळ्यांत मोठा होता.

मी त्या नंबरवर फोन केला. दादांनी उचलला. मागं ट्रॅक्टरचा आवाज होता आणि कुणीतरी बैलांना हाकत होतं. ते ऊस तोडत होते, सांगलीकडं कुठंतरी. त्यांनी फोन वहिनींकडं दिला. मी त्यांना सांगितलं की झाडांना फार थोडं लागलं, बरंचसं हवेत गेलं असावं. त्यांनी ऐकलं.

“आन् तिसरीचं?”

मी म्हणाले की तिसरीचं पाठवलंच नाही. पाणी पडलं होतं, म्हणून ती प्रयोगात धरता आली नाही. हे मी सरांच्या शब्दांत सांगायला लागले आणि मधेच थांबले.

“मंग ती झाडं आपन कापली कावून?” त्यांनी विचारलं. रागानं नाही. खरंच कळत नसल्यासारखं.

मी समोरचा तक्ता उलटा करून ठेवला. त्या म्हणाल्या, बरं, ठेवते, मोळी बांधायचीय.

त्यानंतर मी ठरवलं की कसंही करून तिसरीचे नमुने तपासून घ्यायचे. माझ्यामागून आलेल्या एका विद्यार्थिनीचे नमुने त्याच यंत्राकडं जाणार होते. तिला मी विनवलं, माझ्या चार बाटल्या सोबत जाऊ दे, फक्त झाडांच्या, मातीच्या नकोत. ती तयार झाली. मी कपाट उघडलं तर खालचा खण रिकामा होता. तपासणीसाठी प्रयोगशाळा आवरली गेली होती आणि ज्यांच्यावर पाठवणीची चिठ्ठी नव्हती ते सगळे जुने नमुने फेकले गेले होते. शिपायानं मला मागचा खड्डा दाखवला. तिथं सगळं जाळून झालेलं होतं. मी त्याला काय म्हणणार होते? चिठ्ठी मीच लावली नव्हती.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते. चांगले होते, प्रेमानं विचारत होते. त्यांनी तक्ता बघून विचारलं, चार चौकटी मांडल्या आणि निकाल तीनचेच, चौथीचं काय झालं? मी म्हणाले, शेतकऱ्याकडून पाणी दिलं गेलं. ते हसून म्हणाले, शेतकरी ऐकत नाहीत, आमच्याकडंही हाच त्रास आहे. समोर बसलेले सगळे हसले. सरही थोडंसं हसले. आणि मी, ज्या बाईंनी मला एकही पान उडू दिलं नव्हतं त्यांच्याबद्दल एक वाक्य बोलायचं सोडून, सगळ्यांबरोबर हसले. मला त्या दिवशी पदवी मिळाली.

वहिनी मला त्यानंतर एकदाच भेटल्या. वडवणीच्या आठवडी बाजारात. मी खोलीचं राहिलेलं सामान न्यायला आले होते. त्या पुढच्या सालच्या ऊसतोडीवरून परत आल्या होत्या आणि खूप काळवंडल्या होत्या. कांद्याच्या ढिगापाशी उकिडव्या बसून कांदे निवडत होत्या. मला बघून उठल्या. आईची तब्येत विचारली. लग्नाचं विचारलं. यंदा त्या रानात कपाशी नाही, तूर घ्यायची म्हणतात, असं सांगितलं. मी वाट बघत होते की त्या चौकटीचं विचारतील. विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं, खणाचं, खड्ड्याचं, परीक्षेतल्या हसण्याचंही. मनात जुळवलेलं होतं. त्यांनी विचारलं नाही. मीही काढलं नाही. गेवराईची गाडी लागली तसा त्यांनी ओंजळभर कांदे माझ्या पिशवीत घातले आणि म्हणाल्या, “बसायला जागा मिळंल, जावा लवकर.”

मला खिडकीजवळची जागा मिळाली. गाडी निघेपर्यंत त्या पुन्हा कांदे निवडायला खाली बसल्या होत्या.